मुस्लिम मोहल्ल्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बोलायचं कसं?

आशासखी: मालेगावात काम करते, वस्ती बहुतेक पॉवरलूमवाल्यांची. उर्दूत पोस्टर केलेत, बायका येतात, ऐकतात, चहा पिऊन जातात, पण तपासणीला कोणी फिरकत नाही. तिशीनंतर सरकारी तपासणी फुकट आहे हेही सांगून झालं. धर्मामुळे लाजतात असं आमच्या साहेबांचं म्हणणं. काय बदलू?

निवृत्त_सिस्टर: तपासणी असते कुठे आणि करतं कोण ते सांगा आधी. लांबचा दवाखाना आणि वर पुरुष डॉक्टर असेल तर माझ्या सासरच्या देशस्थ बायकाही जाणार नाहीत, उगाच धर्मावर कशाला ढकलायचं! मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन वस्तीतच तपासण्या केल्या, गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला की पुढे पाठवायचं. दीड लाख बायकांचा अभ्यास होता, तपासणीवाल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी निघाले.

मोसमपूल: मी तिथलीच. ताई, सेशन शुक्रवारी ठेवता का? लूम बंद, माणसं घरात, बिर्याणीचा घाट, कोण येऊन थांबणार. मंगळ-बुध दुपारी ठेवा. आणि सुरुवातच "हा कॅन्सर ज्याने होतो तो एचपीव्ही व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो" अशी केली तर खलास, सासवा तिथल्या तिथे सुनेकडे बघायला लागतात. लपवू नका, पण एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो हे त्याच दमात सांगा. आधी पांढरं पाणी, पाळी गेल्यावर रक्त दिसणं यावर बोला. आमच्या गल्लीतल्या एका आपाचं ऑपरेशन झालेलं, ती स्वतः बोलली तर बायका तिला जिन्याखाली गाठून विचारत होत्या, डॉक्टरीणबाईंना एकीनेही काही विचारलं नव्हतं.

परदेशस्थ_पुणेकर: आपाचा मुद्दा बरोबर. अमेरिकेत आर्कान्सामध्ये कृष्णवर्णीय बायकांसाठी विटनेस (साक्षीदार) प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला, त्यात स्तनांच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायका चर्चमध्ये उभ्या राहून आपली कहाणी सांगतात, तिथे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगून साक्ष द्यायची पद्धत मुळातच आहे. पण नुसती लक्षणं सांगितलीत तर "मला कुठे काय होतंय" म्हणून घरी बसतील. काही त्रास नसतानाच तपासायचं असतं, हे तुमच्या पोस्टरवर आहे का?

आशासखी: नाही, लक्षणांचीच यादी आहे. आपासारखं कोणी शोधते. रमजानमध्ये कॅम्प ठेवू का, बायका संध्याकाळी एकत्र असतात?

मोसमपूल: छे, ईदनंतर. रोज्यात अशी तपासणी चालते का यावरच वाद होईल आणि इफ्तारीच्या तयारीत वेळ कोणाला आहे. आणि पाळी चालू असेल तिला दुसरी तारीख द्या, नाहीतर ती परत येणारच नाही.