मदत हवी आहे: आरक्लोनची एन्क्रिप्शन सेटिंग कुणी बदलू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. 2019 च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर आणि शेजारीच ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क, दोन्ही पाण्यात गेलं. तेव्हापासून हिशेबाच्या फायली आरक्लोन (क्लाउडवर फायली चढवणारा प्रोग्रॅम) त्याच्या क्रिप्टमधून, म्हणजे फायली आणि त्यांची नावं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून, क्लाउडवर पाठवतो.

परवा भाच्यानं, "मामा, नावंच वाचता येत नाहीत" म्हणत फाईलनावांचं एन्क्रिप्शन 'स्टँडर्ड'चं (नावं कुलूपबंद) 'ऑफ' (नावं उघडी) केलं. आरक्लोननं हूं की चूं केलं नाही. सकाळी यादी बघतो तर जुनी एकही फाईल नाही! पोटात गोळाच आला. लॉगमध्ये नाव उलगडत नाही म्हणून फाईल सोडल्याच्या ओळीच ओळी. आणि रात्रीच्या कॉपीनं सगळा माल शेपटाला '.बिन' लावून पुन्हा चढवलेला. परत 'स्टँडर्ड' केल्यावर जुन्या फायली दिसल्या. पासवर्ड किंवा सॉल्ट (त्याच्या जोडीचा दुसरा पासवर्ड) बदलला असता तर? (कागदावर लिहून तिजोरीत ठेवलाय म्हणा.)

कॉन्फिग फाईल (आरक्लोनची सगळी सेटिंग असते ती) रीड-ओन्ली करणार होतो, पण लॉगिनचं नवं टोकन आरक्लोन त्याच फायलीत लिहितं, मग तेच अडणार. 'स्ट्रिक्ट नेम्स' चालू केलं की नाव न उलगडल्यास एरर येते, हे कळलं. पण मला कॉपीच्या आधीच थांबायला हवंय. ओळखीची एक फाईल दिसली तरच पुढं जाणारी, विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?

आणि त्या '.बिन' फायली कशा काढू? मूळ रिमोटवर (क्रिप्टच्या मागचं क्लाउडवरचं खरं ठिकाण) जाऊन डिलीट मारायला हात धजत नाही.