मदत हवी आहे : दर आठवड्याला धूर मारूनही इमारतीत डेंग्यू

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमची जुनी चार मजली इमारत. गणपतीच्या आधी ह्यांना डेंग्यू झाला. एनएस-१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट ४२ हजारांवर. ताप उतरला तसं आम्हाला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, खरं लक्ष आता पुढचे दोन दिवस ठेवायचं. (तुम्हीही ध्यानात ठेवा. आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल सोडून दुसरी गोळी मनाने देऊ नका.)

आता वरच्या मजल्यावर आणखी दोघे आजारी. सोसायटीचं औषध एकच, धूर! संध्याकाळी सातला मशीन भर्र करत येतं, पाच मिनिटं कोणाला कोणी दिसत नाही, सेक्रेटरी काका खूश. पण डेंग्यूचा डास म्हणजे हा पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, चावतो दिवसा. धुराने मेलेच तर उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्या मजेत, आठ-दहा दिवसांत नवी फौज हजर.

रविवारी टॉर्च घेऊन मीच शोधायला निघाले. आधी गटार पाहिलं, तिथे काही नाही. अळ्या निघाल्या आमच्याच फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये! वाटीभर स्वच्छ पाणी आणि त्यात स्वल्पविराम वळवळतायत. ट्रेला धक्का लागला की सगळ्या तळाशी. लाज वाटली हो. मनीप्लँटच्या बाटलीतही तेच. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तडकलेलं.

विचारायचं होतं ते असं:

टाकीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले तर चालेल का? पाणी पिण्याचं आहे. कुंड्यांखालच्या बशा नुसत्या ओतून भागतं का? आणि काकांना पटवायचं कसं? डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, एकदा झाला म्हणून सुटका नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर जास्त जोरात होऊ शकतो म्हणे. ह्यांच्यासाठी जीव टांगणीला आहे.

गच्चीवाला : ताई, पिण्याच्या टाकीत मासे नकोत. ते वापरात नसलेल्या विहिरीला, कारंज्याच्या हौदाला ठीक. झाकण बदला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा, ते सगळे विसरतात. बशा काथ्याने घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. महापालिकेच्या हिवताप विभागालाही कळवा.

कुंडीतली तुळस : काकांशी वाद घालू नका. त्या अळ्या पाण्यासकट काचेच्या बाटलीत भरा, तोंडाला फडकं बांधा आणि मीटिंगच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडे चौथ्या दिवशी आतल्या आत डास उडायला लागले. झाकण दुसऱ्याच दिवशी आलं.

धागाकर्ती : बाटली भरलीय, मीटिंग शनिवारी. फडक्याला दोन रबरबँड लावलेत, ह्यांनी तिसरं लावायला सांगितलंय.