घरी चिंचिला आलीय आणि उन्हाळा तोंडावर आहे, काय काय बघायचं?

वारजेकरीण

नमस्कार मंडळी. मावसभाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना त्याची चिंचिला (दाट लोकरीचा, उंदीरवर्गातला प्राणी) आमच्याकडे सोडून गेला. मादी आहे, राखाडी रंगाची, नाव राखुंडी. सोबत पिंजरा, अर्धं पाकीट वाळका चारा आणि "काही नाही गं, सशासारखीच असते" एवढाच सल्ला. आता तो फोन उचलतो तेव्हा तिकडे रात्र असते किंवा मीटिंग.

प्रश्न बरेच आहेत. पिंजरा सध्या हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी आहे, एसी फक्त बेडरूममध्ये. हॉलला कूलर लावला तर भागेल का? पेट शॉपवाल्याने आंघोळीसाठी म्हणून सुट्टी पांढरी पूड दिलीय, चिमटीत रांगोळीसारखी लागते, ती चालेल? जवळच्या गोठ्यावर लसूणघास ताजा मिळतो, तो रोज घालू का? सासूबाई तिला बेदाणे देतात आणि ती दोन पायांवर उभी राहून मागते, त्यामुळे सासूबाई विरघळल्यात. आणि दात पिवळेजर्द आहेत. आजारी आहे का?

मोती_चा_बाबा

आमचा ससा गाजर, कोबी, टोमॅटो सगळं खायचा, ठणठणीत होता. एवढं टेन्शन घेऊ नका. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आंघोळ घाला.

पर्वतीपायथा

ताई, वरचा सल्ला कृपया सोडून द्या. मोतीचे बाबा, राग मानू नका, पण ससा वेगळा आणि ही वेगळी. पाणी तर अजिबात नको. हिच्या अंगावर एकेका छिद्रातून पन्नासहून जास्त केस येतात. ते भिजले की आतून लवकर वाळत नाहीत, मग थंडी भरते नाहीतर कातडीला बुरशी धरते.

आमच्याकडे चिंचिला बरीच वर्षं आहेत, पुण्यातच. त्यामुळे आधी एसीचं बोलते, बाकी सगळं त्यानंतर. हा प्राणी अँडीज पर्वतातला, उंचावरच्या कोरड्या थंडीतला. हिला घाम येत नाही आणि अंगावर एवढी दाट लोकर. खोलीत २५-२६ अंशांच्या वर गेलं की धोका सुरू, दमट हवा असेल तर त्याच्याही आधी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला जातो. म्हणजे तिची खोली बेडरूमच. पिंजरा आजच आत हलवा, एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा भिंतीला लावा आणि पिंजऱ्याच्या उंचीवर साधा थर्मामीटर टांगा. एसीच्या डिस्प्लेवर विसंबू नका, तो आपण मागितलेला आकडा दाखवतो. आम्ही खोली २२ च्या आसपास ठेवतो. बिल येतं. येऊ द्यावं लागतं.

कूलर नको. तो हवेत ओल सोडतो आणि हिला नेमकी तीच सोसत नाही. नुसत्या पंख्याचाही उपयोग नाही, घामच नाही तर वारा वाळवणार काय? जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर गार वाटतं म्हणून एसी बंद करायचा मोह होतो. तेव्हा ड्राय मोडवर चालू ठेवा.

फरशीवाल्याकडून कडप्प्याचा हातभर तुकडा आणा, कडा घासून घ्या आणि पिंजऱ्यात ठेवा. ती आपणहून त्यावर पसरते. बाजारात याच कामासाठी महागड्या संगमरवरी लाद्या मिळतात, काही गरज नाही.

कान लालबुंद, आडवी पडलेली, तोंड उघडं टाकून धापा किंवा लाळ, असं दिसलं तर ऊन लागलंय. लगेच गार खोलीत न्या, गार फरशीवर ठेवा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पांढरी पूड परत करा. सुटी पूड म्हणजे कशाची भुकटी ते कोणालाच माहीत नसतं, ती फुप्फुसात जाते. पाकिटावर "चिंचिला डस्ट" लिहिलेली बारीक धूळ घ्या. "सँड" लिहिलेली नको, ती जाड असते आणि केस तुटतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, मग भांडं बाहेर काढायचं. आम्ही कुंभारवाड्यातून आणलेलं पसरट मडकं वापरतो. प्लॅस्टिकचं ती कुरतडून पोटात घालते. धुळीचं भांडं बाल्कनीत नेऊ नका, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेल्या कपड्यांसकट वर येतील.

दात पिवळे-नारिंगीच हवेत! पांढरे पडले तर काळजी करायची. ते आयुष्यभर वाढतात आणि झिजतात ते वाळलेल्या गवतानेच. म्हणून टिमोथी गवत चोवीस तास समोर, वर रोज चमचा-दोन चमचे साध्या पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या. रंगीबेरंगी दाणे आणि सुकामेवा मिसळलेलं पाकीट नको. लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, तो पिल्लांना आणि गाभण मादीला. तुमच्या राखुंडीला रोज नको, आणि ओला तर नकोच, पोट फुगतं. कुरतडायला तुतीच्या फांद्या द्या, फवारणी न केलेल्या, धुऊन वाळवलेल्या. लिंबू-संत्र्याची लाकडं नकोत.

बेदाण्यात साखर, शेंगदाण्यात तेल, दोन्ही बंद. सासूबाईंना गवताची काडी हातात द्या, राखुंडी त्यासाठीही उभी राहील.

नाइटशिफ्ट_कर्वेनगर

पर्वतीपायथा काकूंनी जवळपास सगळं सांगितलंय. माझी थोडी भर.

बेडरूममध्ये ठेवणार असाल तर रात्रीची तयारी ठेवा. ही मंडळी संध्याकाळनंतर जागी होतात, पहाटेपर्यंत उड्या. चाक असेल तर भरीव आणि मोठं, १५ इंची, जाळीचं नको, पाय अडकतो. पकडताना शेपटीला किंवा पाठीच्या केसांना धरू नका. घाबरली की केसांचा पुंजका तुमच्या हातात सोडून पळते. विसर्जनाला ढोल-ताशा खिडकीखाली थांबतो तेव्हा मी पिंजऱ्यावर जाड चादर टाकतो, एक बाजू उघडी ठेवून.

डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, उंदीरवर्गीय प्राणी बघणारे. सगळे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बघत नाहीत. आणि कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथेच विचारा. या प्राण्यांच्या पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि जिवावर बेततं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही किंवा लेंड्या कमी-बारीक झाल्या, की उद्यावर ढकलू नका.

कागदांचंही बघा. जंगली चिंचिला साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहे, पाळीव वंशाच्या जनावरांना त्यातून सूट आहे. म्हणून भावाकडून खरेदीचं बिल मागून ठेवा आणि नोंदणीचं वन खात्यात एकदा विचारून घ्या.

वारजेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. पिंजरा बेडरूममध्ये आला, नवरा हॉलमध्ये गेला. पूड परत केली, दुकानदार म्हणाला "सगळे हीच नेतात". सासूबाई गवताच्या काडीवर तयार झाल्या, पण बेदाण्यांचा डबा अजून त्यांच्याच उशाशी आहे.

एक राहिलंच. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, कधीकधी दुपारी चार-चार तास. घरच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. मेमध्ये काय करू?

पर्वतीपायथा

आदल्या रात्री दोन-तीन बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवा आणि कडप्पा फ्रीजमध्ये. लाइट जायच्या आधी तासभर खोली २० वर आणून ठेवा, पडदे ओढा, दाराखालच्या फटीला टॉवेल लावा. बाटल्या जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे पाणी सुटून अंग भिजणार नाही. थर्मामीटर २५ च्या पुढे सरकायला लागला तर वाट बघू नका. प्रवासाच्या लहान पिंजऱ्यात घाला आणि एसी गाडीतून अशा कोणाकडे तरी न्या, जिथे गुरुवारी लाइट जात नाही. माझ्याकडे आणलीत तरी चालेल, फक्त आधी व्यक्तिगत निरोप टाका, आणि दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका.