मदत हवी आहे : फॉस्फेट काढल्यावर पेशी पळते की थांबते?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय, डेझर्टेशन पेशींच्या हालचालीवर आहे. प्रोटीन फॉस्फटेजबद्दल वाचेल तेवढा गुंता वाढतोय, कुणी सेल बायोलॉजीवालं असेल तर जरा बघा की.

किनेज एन्झाइम प्रोटीनला फॉस्फेट लावतं, फॉस्फटेज एन्झाइम तो काढतं, इथवर ठीक. पण कोफिलिन या प्रोटीनला लिम किनेजनं तिसऱ्या जागेवरच्या सेरीन अमिनो आम्लावर फॉस्फेट लावलं की ते निष्क्रिय होतं, आणि स्लिंगशॉट फॉस्फटेजनं ते काढलं की कोफिलिन परत कामाला लागून पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे तोडतं, त्यातून नवी टोकं मिळतात नि पेशीची पुढची कड सरकते. म्हणजे इथं काढणं म्हणजे चालू करणं. पेशी आवळणाऱ्या मायोसिन प्रोटीनच्या लाइट चेनचं (त्याच्या छोट्या साखळीचं) नेमकं उलटं, तिथला फॉस्फेट मायोसिन फॉस्फटेजनं काढला की आकुंचन सैल पडतं. त्यात रॉक किनेज लाइट चेनवर फॉस्फेट लावतंच, वर मायोसिन फॉस्फटेजलाही दाबून ठेवतं.

आता मी स्क्रॅच अ‍ॅसेमध्ये (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो भरतो का बघायचं) कॅलिक्युलिन ए हे फॉस्फटेज अडवणारं औषध टाकलं, तर पेशींची पातळ कड आत ओढली गेली, मागं डिशला चिकटलेल्या बारीक तारा राहिल्या आणि पेशी गोल झाल्या, ओरखडा काही भरला नाही. हे कोफिलिन बंद पडल्यामुळं का मायोसिनचा ताण वाढल्यामुळं? गाइड सरांना भेटायच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचंय, नुसतं 'मायग्रेशन कमी झालं' असं लिहायला मन होत नाही.

प्रतिसाद :
ताई, प्रश्न चांगला आहे. कॅलिक्युलिन ए मुख्यतः पीपी१ आणि पीपी२ए या दोन फॉस्फटेजांना अडवतं. मायोसिन फॉस्फटेजमध्ये फॉस्फेट काढणारा भाग पीपी१चाच असतो, त्यामुळं लाइट चेनवरचा फॉस्फेट निघत नाही आणि पेशी आवळली जाते. स्लिंगशॉट वेगळ्या घराण्यातलं, ते थेट बंद होत नाही. म्हणून पहिला संशय मायोसिनवर. पण संशयावर थांबू नका, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटीबॉडीनं ठरावीक प्रोटीन मोजायची चाचणी) फॉस्फो-कोफिलिन आणि फॉस्फो-लाइट चेन, म्हणजे फॉस्फेट लागलेली रूपं, दोन्ही बघा, टोटल प्रोटीनसकट. आणि रात्रभर ठेवू नका, हे औषध विषारी आहे, मग पेशी हलली नाही का मेली तेच कळणार नाही, डोस कमी आणि वेळ मिनिटांत धरा.

धागाकर्ती :
खूप आभार दादा! मग वाय-२७६३२ हे रॉक अडवणारं औषध कॅलिक्युलिनच्या आधी देऊन बघू का?

प्रतिसाद :
द्या, पण त्यानं मुख्यतः रॉक थांबतं, लाइट चेनवर फॉस्फेट लावणारी दुसरी किनेजं चालूच राहतात. ब्लेबिस्टॅटिन हे औषध थेट मायोसिनला अडवतं, ते आधी देऊन पेशी पसरलेल्याच राहिल्या तर उत्तर मिळालं समजा. फक्त निळ्या उजेडात ते खराब होतं नि पेशींनाही त्रास देतं, तेव्हा डिश फॉइलमध्ये गुंडाळा आणि मायक्रोस्कोपला लाल फिल्टर लावा.