अनुभव धागा: मोझार्टचा ‘नवशिक्यांसाठी’चा सोनाटा, घरापासून स्टेजपर्यंत

नाशिकमध्ये हौसेने पियानो वाजवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. विषय एकच ठेवू: मोझार्टचा सी मेजर सोनाटा, कोशेल ५४५ (मोझार्टच्या रचनांच्या कोशेल सूचीतला क्रमांक), पहिला भाग. मोझार्टने १७८८ साली स्वतःच्या यादीत तो नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला. छापून आला १८०५ साली, तो गेल्यावर चौदा वर्षांनी. नवशिक्यांसाठी म्हणजे सोपा असं धरून लोक तो वार्षिक कार्यक्रमाला घेतात आणि पाचव्या बारला (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा) गडगडतात. नोट्स इतक्या मोजक्या आहेत की चूक झाकायला आडोसाच नाही.

‘मला संगीताची गोडी कशी लागली’ इथे नको. कुठल्या बारला काय अडतं आणि त्यावर काय करायचं, तेवढंच लिहा.

पेटीवाला, नाशिकरोड

आपल्याकडे बरेच जण पेटीवरून पियानोकडे येतात, म्हणून आधी तेच सांगतो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर वाढलेला असतो, त्याच्या बोटांना वेगवेगळं चालायची सवयच नसते. शिवाय पेटीचा आवाज भाता ठरवतो; पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, सारखंच. पियानोवर पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज ठरतो. त्यामुळे पहिल्याच बारला डावा हात उजव्याला खाऊन टाकतो.

डाव्या हातात अल्बर्टी बेस आहे, म्हणजे कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकेक करून फिरवायचे: सी-जी-ई-जी, बोटं ५-१-३-१. जी वर दर वेळी अंगठा येतो आणि अंगठा मुळातच जड, म्हणून ‘सी धप ई धप’ असं ऐकू येतं. उपाय असा: आधी ते तुकडे अख्ख्या कॉर्डसारखे एकदम दाबा. बार १ ला सी-ई-जी, बार २ ला डी-एफ-जी आणि मग पुन्हा सी-ई-जी. हात न बघता जागा सापडू लागल्या की कॉर्ड मोडा. करंगळीची नोट किंचित ठळक, अंगठा पट्टीला जेमतेम टेकलेला, मनगट डावी-उजवीकडे अगदी थोडं फिरतं. बोटं उचलून आपटायची नाहीत.

स्प्रिंगवाल्या हलक्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हा तोल शिकता येत नाही. वजनदार पट्ट्यांचं वाद्य लागतंच.

बोटं मोजणारी

बार ५ ते ८. उजव्या हाताच्या चार सरगमी, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक सूर खालून: ए, जी, एफ, ई. सी म्हणजे सा धरलात तर ध, प, म, ग. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, त्यामुळे एकच फिंगरिंग चारही बारना चालतं:

चढताना १-२-३-१-२-३-४-५, उतरताना ४-३-२-१-४-३-२, आणि पुढच्या बारच्या पहिल्या नोटेवर अंगठा.

उतरताना अंगठ्यानंतर चौथं बोट ओलांडून येतं, इथेच सगळे घसरतात. सवयीने तिसरं बोट टाकलं की शेवटच्या नोटेवरही अंगठा येतो, पुढच्या बारची पहिली नोटही त्याच अंगठ्याने घ्यावी लागते आणि मध्ये खड्डा पडतो. कागदावर तो ४ चा आकडा लाल पेनाने लिहा. फक्त अंगठा-ते-चौथं-बोट एवढाच जोड, तीन नोटा, वीस वेळा. मग अख्खा बार.

बार २५ च्या ट्रिलला (दोन शेजारचे सूर झरझर आलटून-पालटून) २-३ ऐवजी १-३ बोटं घेऊन पाहा, हात कमी आखडतो. आधी ठरावीक नोट्स मोजून डाव्या हाताबरोबर बसवा. ट्रिल ‘जमेल तितकी’ वाजवली की शेवट दर वेळी वेगळ्या ठिकाणी येतो.

तालातला माणूस

लयीबद्दल. बार १ ला डावा हात दुगुणीत आहे आणि उजवा निवांत. बार ५ ला उजवा एकदम चौगुणीत जातो. सुरुवातीचा निवांतपणा ऐकून माणूस लय चढी धरतो आणि चार बारांनंतर त्याची फजिती. सुरू करण्याआधी मनात बार ५ म्हणा, त्याची लय धरा, मग बार १ वाजवा.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वरून सुरू, चार-चारने वर. सलग तीन वेळा स्वच्छ गेल्याशिवाय पुढे नाही. १२० पुरेसे आहेत. त्या लयीला ७३ बार म्हणजे अडीच मिनिटांना थोडे कमी. पहिला रिपीट घेतला (पहिला अर्धा पुन्हा वाजवला) तर तीन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास, दोन्ही घेतले तर पाचाला थोडे कमी. संयोजकांना वेळ सांगताना हे धरा.

पंचवटीहून

दुसरा रिपीट सोडा, पहिला घ्याच. वर कुणी पाठांतराचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. खरा सापळा बार ४२. सुरुवातीचीच धून परत येते, पण सी मध्ये नाही, एफ मेजरमध्ये, बी फ्लॅटसह. तिथून सरगमींचा पट्टा लांबतो, डाव्या हातालाही सरगमी येतात आणि मग दुसरी धून सी मध्ये. बोटं मात्र बार ५ चा जुना रस्ता पकडतात आणि पुन्हा पहिल्या अर्ध्यात जाऊन पडतात. गोदावरीच्या भोवऱ्यासारखं, फिरत बसायचं!

बार १, १४, २९, ४२ अशी स्टेशनं ठरवा आणि कुठूनही, उलट क्रमानेही, सुरू करायचा सराव ठेवा. स्टेजवर अडलात तर मागे जायचं नाही, पुढचं स्टेशन गाठायचं.

पेडल (पायाने दाबून सूर धरून ठेवायचं): मोझार्टच्या काळातल्या पियानोत सूर लवकर विरायचा, आजच्यात रेंगाळतो. सरगमींवर पेडल दिलं की नुसता काला. आधी संपूर्ण भाग पेडलशिवाय बसवा.

तालातला माणूस

पेडलबद्दल थोडा असहमत. कोरड्या हॉलमध्ये, जाड पडदे असतील तिथे, अल्बर्टीखाली हलका स्पर्श दिला तर बरं वाटतं. सरगमींवर नको, हे मान्य.

वायरी सांभाळणारा, सातपूर

हॉलचं पाहा. बहुतेक ठिकाणी आपला डिजिटल पियानो रिक्षातून न्यायचा असतो.

एक्स आकाराचा स्टँड अल्बर्टीबरोबर डुलतो. झेड किंवा टेबलासारखा घ्या. पेडल गुळगुळीत फळ्यांवर पुढे सरकतं, खाली रबरी चटई किंवा गॅफर टेप. पेडलवर पाय ठेवून वाद्य चालू केलं तर काही मॉडेल्समध्ये पेडल उलटं चालतं: सोडलं की सूर धरला जातो. बंद करून, पाय काढून, परत चालू करा. ऑटो पॉवर ऑफ आधीच बंद करा, नाहीतर पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत वाद्य झोपी जातं. ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर आहे का तेही पाहा; आधीच्या गायकासाठी कुणीतरी बदललेलं असतं. हॉलच्या सिस्टीमला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्य आणि सिस्टीम यांना जोडणारी छोटी डबी) घालून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण दाबा.

लाकडी अपराइट (उभा तारांचा पियानो) असेल तर पावसाळ्यात साउंडबोर्ड, म्हणजे आतली आवाजाची लाकडी फळी, फुगून सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. हलवल्यावर दोन-तीन आठवडे मुरू द्या, मग ट्यूनर बोलवा. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा विंगेत कोमट पाण्याची बाटली हातात धरून बसा.

आणि पंखा. कागद एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवा, चिमटे लावा. पान उडतं ते नेमकं बार ४२ ला.