'बाता' सिनेमातून आलेल्या नाहीत

'बाता हाणणे' यातला शब्द आपल्याला हिंदी चित्रपटांनी दिला, हे मत मला पटत नाही. मूळ संस्कृत 'वार्ता'; हिंदीत आरंभीच्या 'व'चा बहुधा 'ब' होतो, मराठीत तो टिकतो ('बीस' आणि 'वीस' पाहा), म्हणून 'बात' बाहेरून आली हे खरे. परंतु हिंदीत अनेकवचन 'बातें', तर मराठवाड्यात कानी पडणाऱ्या दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीत, 'बातां', आणि १९४८पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या मुलखात ते 'वाट-वाटा'च्या चालीवर सहज मुरले असावे. परभणीच्या मोंढ्यात कापसाचा भाव पाडून मागणाऱ्याला माझे आजोबा "उगं बाता हाणू नका" असे सुनावत, तेव्हा आमच्या गावात वीजसुद्धा नव्हती, मग सिनेमा कुठला? एकवचनी 'बात'ला मात्र पोकळ बढाईचा हा डाग लागला नाही. 'त्याची बातच निराळी' हे आजही कौतुकच आहे.