डोक्याला मार लागल्यावर राहून उपचार मिळतील अशी जागा मुंबईत कुठे? (वहिनीलाही सोबत राहायचंय)

लालबागची_ताई

धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ३८, पालिकेत नोकरीला. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळी करून येताना बाइक घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं हाड काढून ठेवलंय, ते अजून बसवायचंय. सव्वा महिना आयसीयूत काढला. आता गळ्यातली नळी निघालीय, तोंडाने जेवतो, धरलं की चार पावलं टाकतो. डावा हात नीट उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, घरी न्या आणि फिजिओ लावा.

घर म्हणजे चाळीत दुसऱ्या मजल्यावरची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला. ते एक वेळ निभावू. पण दादा पूर्वीचा राहिलेला नाही. ज्याने कधी आवाज चढवला नाही तो वहिनीला नको नको त्या शिव्या देतो. जेवून दहा मिनिटं झाली की विसरतो आणि गॅलरीत जाऊन "मला उपाशी ठेवतात" म्हणून ओरडतो. शेजारी समजूतदार आहेत, तरी माना खाली जातात. पुतण्या नऊ वर्षांचा आहे, शाळेतून आला की घरी न जाता सरळ माझ्याकडे येतो.

महिना-दोन महिने राहून हे सगळं शिकवतील अशी जागा कुणाला माहीत आहे का? वहिनीची अट एकच, तिला सोबत राहू द्यायला हवं. नुसतं नेऊन ठेवायचं असेल तर ती नाही म्हणते. खर्च बेताचाच झेपेल.

परळकर_७२

आधी हाजीअलीला जाऊन या. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच, सोशल वर्कर असं सगळं एका आवारात, आणि भरती करून घ्यायचीही सोय आहे. सरकारी दर. सकाळी लवकर जा आणि डिस्चार्ज समरी, सीटी स्कॅनच्या फिल्म, गोळ्यांची यादी एकाच पिशवीत ठेवा. महालक्ष्मीवरून टॅक्सी करा, बससाठी ताटकळू नका.

दादरचा_काका

माझं स्पष्ट मत, घरीच ठेवा. असल्या सेंटरवाल्यांना पैशाशी मतलब. माणूस आपल्या माणसांत लवकर बरा होतो. देवाचं नाव घ्या.

मुलुंडची_सूनबाई

काका, राग मानू नका, पण आपल्या माणसांनाही कुणीतरी शिकवावं लागतं. मी सहा वर्षांपूर्वी यातून गेलेय. आमचे हे बांधकामावर सुपरवायझर होते, परांचीवरून पडले.

ताई, तुमच्या वहिनीची अट अगदी बरोबर आहे. मी ती घातली नाही आणि पस्तावले. पहिली जागा निवडली ती बोर्डावर "न्यूरो रिहॅब" लिहिलेलं बघून. नाव सांगत नाही. निघाला वृद्धाश्रमच. दिवसातून अर्धा तास फिजिओ, बाकी वेळ टीव्हीसमोर. भेटायची वेळ चार ते सहा, वर "रोज येऊ नका, पेशंट डिस्टर्ब होतो" हे ऐकवायचे. एकविसाव्या दिवशी मी कंबरेखालची चादर काढून बघितली, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम. दर दोन तासांनी कूस बदलतो असं लिहिलेला कागद पलंगाला टांगलेला होता, सगळ्या खान्यांत एकाच पेनाने, एका दमात केल्यासारख्या सह्या.

दुसऱ्या ठिकाणी फरक पहिल्याच दिवशी कळला. तिथल्या ओटीने (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) ह्यांना तपासायच्या आधी मलाच विचारलं, "घरचा संडास भारतीय की कमोड? किती पायऱ्या? सकाळचा चहा कोण करायचं?" आमच्याकडे चहा हेच करायचे. मग तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी ह्यांना तिथल्या छोट्या स्वयंपाकघरात उभं करायचे. पहिल्या दिवशी ह्यांनी रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात साखर टाकली आणि थांबले. पुढे काय ते सुचेना. मी पुढे झाले तर ओटीने माझा हात धरला. साखर करपायला लागली तेव्हा तिने फक्त गॅस बंद केला आणि म्हणाली, "आता काय कमी आहे ते बघा." तीन-चार मिनिटं गेली असतील. ह्यांनी नळाकडे बोट दाखवलं. त्या मिनिटांत मी गप्प उभी राहायला शिकले, आणि खरं सांगायचं तर तिथे सगळ्यात कठीण मला तेच गेलं.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा फोटोतल्या मशिनी बघू नका. दुपारी तीनला न सांगता जा. तीनला सगळे पेशंट पलंगावर दिसले तर उलट्या पावली परत या. विचारा, आठवड्यातून किती तास थेरपी, त्यातली ओटी किती, सायकॉलॉजिस्ट रोजचा की "बोलावला की येतो" असा. पेशंट चिडला की काय करता, हे मुद्दाम विचारा. "हात बांधतो" किंवा "इंजेक्शन देतो" एवढंच उत्तर आलं तर तिथे ठेवू नका. आणि घरी सोडण्याआधी एक रात्र घरी नेऊन बघू देतात का तेही. आम्हाला दिली होती. त्याच रात्री कळलं की आमच्या मोरीचा उंबरठाच आडवा येतोय.

ओटी_गिरगाव

मी याच कामात आहे, म्हणून थोडं.

ताई, दादा खोटं बोलत नाहीये. जेवल्याची आठवण साठतच नाही, आणि रिकाम्या जागी मेंदू काहीतरी भरतो. शिव्यांचंही तसंच. कपाळामागच्या भागाला मार बसला की मनात आलेलं आवरून धरणारा लगाम सुटतो. वहिनीला हे दहादा सांगा, कारण ऐकताना ते खरंच वाटतं. वाद घालू नका, विषय बदला. खोलीत टीव्ही, कुकरची शिट्टी आणि तीन माणसांचं बोलणं एकदम चाललं तर तो भडकणारच. थकल्यावर जास्तच.

जेवणासाठी भिंतीवर पांढरा बोर्ड लावा. जेवण झालं की त्याच्याच हाताने खूण करून घ्या, तुम्ही करू नका. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी अशा विसरणाऱ्या पेशंटांना पेजर लावून पाहिले, वेळ झाली की "गोळी घे" असा निरोप यायचा. उपयोग झाला. आज ते काम मोबाइलचा अलार्म करतो.

अजून एक. फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम चालू आहे का? काहींना त्यानेही चिडचिड वाढते. स्वतःहून बंद अजिबात करू नका, फिट येईल. पण न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा.

हाड बसवलेलं नाही तोवर चालताना डोक्याला संरक्षक टोपी हवीच. भरती करून घेणाऱ्यांना हे आधी सांगा, काही जण हाड बसवल्यावरच या म्हणतात. पण तोवर वेळ फुकट घालवू नका. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिने ते वर्षात जास्त असतो. नंतर थांबतो असं नाही, मंदावतो.

परळकर_७२

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर तमिळनाडूतल्या वेल्लोरचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. बागायममध्ये त्यांची वेगळी रिहॅब संस्था आहे, १९६६ ची. अपघातानंतर स्वतः व्हीलचेअरवरून काम करणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी उभी केलेली. घरच्या माणसाने सोबत राहायचं आणि शिकायचं, हीच तिथली पद्धत. काटपाडीला उतरायचं. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही (मेंदू आणि मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल) न्यूरो रिहॅबचा विभाग आहे.

कोर्टकचेरी

कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून.

भाऊ पालिकेत आहे ना? मग कुणाच्या सांगण्यावरून राजीनामा लिहून देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं.

बाइक स्वतःच घसरली, समोर दुसरी गाडी नव्हती असं दिसतंय. तर बाइकच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे का ते बघा, ठराविक कायमच्या अपंगत्वाला ते लागू होतं. दुसरी गाडी असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा टाका, ही मुदत एप्रिल २०२२ पासून आहे. तुमचे चार झालेत.

आणि बँक. खातं फक्त त्याच्या नावावर असेल आणि त्याला समजून सही करता येत नसेल तर बँक अडवणारच. मग त्याच्या वतीने व्यवहार बघणारा कायदेशीर पालक नेमण्यासाठी कोर्टात जावं लागतं. कोमातल्या पेशंटच्या बायकोला उच्च न्यायालयाने पालक नेमल्याची उदाहरणं आहेत. आधी वकिलाला विचारा, कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायच्या भानगडीत पडू नका.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) सवडीने काढा, अपंगत्वाची टक्केवारी उपचार स्थिरावल्यावर ठरते. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून १ लाख २५ हजार वजावट मिळते.

दादरचा_काका

मला यातलं माहीत नव्हतं. ताई, हाजीअलीला जाताना गाडी लागली तर सांगा, माझी घरी उभीच असते.

लालबागची_ताई

सगळ्यांचे आभार. काकांचे विशेष, त्यांच्याच गाडीने काल जाऊन आलो.

केस पेपर काढला, तपासलं. हाड कधी बसवणार ते न्यूरोसर्जनकडून लेखी आणायचंय, तोवर आठवड्यातून तीनदा ओपीडीत यायचं. वहिनीने ऑफिसमधून बिनपगारी रजा टाकलीय. पहिली जागा म्हणून हीच धरतोय, वेल्लोर हाताशी ठेवलंय.

बोर्ड लावला. पहिल्या दिवशी दादाने जेवून टिक केली आणि अर्ध्या तासाने "ही टिक माझी नाहीच" म्हणून भांडला. मग पुतण्या म्हणाला, बाबांना सही करू द्या. आता जेवण झालं की दादा मस्टरवर करायचा तशी तिरकी सही करतो, खाली दोन रेघा ओढून. ओरडायला लागला की पोरगा बोर्डाकडे बोट दाखवतो. सही बघून दादा गप्प बसतो. दर वेळी नाही, पण बसतो. पोरगा परवापासून शाळेतून घरी जातोय.

आता एकच. व्हीलचेअर घ्यायचीय, पण खोलीचं दार मोजलं तर जेमतेम २५ इंच भरलं. कुठली बसेल?

मुलुंडची_सूनबाई

१६ इंची सीटची बघा, पण सीटच्या मापावर जाऊ नका. चाकांच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजून घ्या, हाताची बोटं चेपतात. आमची माळ्यावर पडून आहे, ती बसली असती. उद्या मोजून सांगते. बसत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.